वाचकांचे प्रश्न : रेणूंना लावलेले प्रकाशाचे लेबल

रासायनिक विश्लेषणावरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. स्वतः न चमकणाऱ्या रेणूला प्रतिदीप्त, म्हणजे फ्लुओरेसंट, लेबल जोडून त्याचे प्रमाण कसे मोजतात, आणि ते मोजमाप कितपत विश्वासार्ह असते, असा त्यांचा रोख आहे. त्यातील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ज्या रेणूचे प्रमाण मोजायचे, त्याला आधी दुसरा चमकणारा रेणू जोडायचा आणि मग त्याची चमक मोजायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? प्रकाशाचे शोषण मोजून तो रेणू थेट का मोजता येत नाही?

उत्तर : काही रेणूंच्या बाबतीत हा खटाटोप खरोखरच अनावश्यक असतो. क्विनीनचे आम्लयुक्त द्रावण अतिनील प्रकाशात आपोआप निळे चमकते. थायमिन हे जीवनसत्त्व स्वतः चमकत नाही. परंतु अल्कधर्मी माध्यमात फेरीसायनाइडने त्याचे ऑक्सिडीकरण केले की त्यापासून थायोक्रोम तयार होते आणि त्याची निळी प्रतिदीप्ती मोजता येते. तेथेही बाहेरचे लेबल लागत नाही. अडचण येते ती अमिनो आम्ले, शर्करा, मेदाम्ले, हिस्टामाइनसारखी अमाइने (नायट्रोजनयुक्त अमाइन गट असलेली संयुगे) अशा रेणूंच्या बाबतीत. बहुतेक अमिनो आम्ले सुमारे २२० नॅनोमीटरच्या खालीच प्रकाश लक्षणीय प्रमाणात शोषतात, आणि त्या पट्ट्यात द्रावके, क्षार व नमुन्यातील इतर असंख्य पदार्थही शोषण करत असल्यामुळे हवा तो रेणू त्या गर्दीतून वेगळा ओळखणे अवघड होते.

दुसरे कारण मोजमापाच्या स्वरूपातच आहे. शोषण मोजताना आपण दोन मोठ्या प्रकाशतीव्रतांमधील किंचित फरक शोधत असतो, तर प्रतिदीप्ती मोजताना जवळजवळ अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उमटलेला प्रकाश मोजत असतो. दिव्यांच्या झगमगाटात एक पणती विझली तर ती कोणाच्या ध्यानात येत नाही. काळोख्या रात्री समोरच्या टेकडीवर एकच पणती लागली तर ती लगेच दिसते. हा अंधार टिकवता येतो, कारण उत्सर्जित प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा जास्त असते. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे दाखवून दिले आणि दोन्हींमधील अंतराला आजही त्यांचेच नाव आहे. रेणू प्रकाश शोषतो ती क्रिया सुमारे १०⁻¹⁵ सेकंदात घडते; त्यानंतर तो काही नॅनोसेकंद उद्दीपित अवस्थेत राहतो, त्या अवधीत थोडी ऊर्जा कंपनांवाटे गमावतो आणि उरलेली प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. उद्दीपनाचा प्रकाश गाळणीने अडवून फक्त उत्सर्जनाचा प्रकाश संवेदकापर्यंत जाऊ दिला, की शोषणावर आधारलेल्या डिटेक्टरला पिकोमोलच्या (१०⁻¹² मोल) आसपास थांबावे लागते तेथे चांगल्या लेबलच्या साहाय्याने फेम्टोमोलपर्यंत (१०⁻¹⁵ मोल) उतरता येते. म्हणजे सुमारे हजारपटीने कमी पदार्थ पुरतो.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी, कारण पुढील जवळजवळ सर्व उत्तरे तिच्यावर उभी आहेत. लेबल लावल्यानंतर आपण मोजतो तो प्रकाश लेबलचा असतो. तो आपल्या रेणूचे प्रमाण सांगतो असे म्हणण्यासाठी लेबल त्या रेणूला पूर्णपणे जोडले गेले, दुसऱ्या कशाला जोडले गेले असल्यास तो भाग वेगळा काढता आला आणि न जोडलेले लेबल मोजमापात मिसळले नाही, या तिन्ही गोष्टी प्रयोगाने दाखवाव्या लागतात.

प्रश्न : मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. एचपीएलसीने, म्हणजे मिश्रणातील घटक कॉलममधून वेगळे करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीने, अमिनो आम्ले मोजण्यासाठी डॅन्सिल क्लोराइड, ओपीए, फ्लुओरेस्कामिन, एफमॉक आणि एक्यूसी अशी पाच अभिकर्मके वाचनात आली. त्यांतून निवड कशी करावी?

उत्तर : या पाचही अभिकर्मकांकडे आधीच्या अभिकर्मकाच्या उणिवेवर शोधलेला उपाय म्हणून पाहिले, तर निवड बरीच सोपी होते.

डॅन्सिल क्लोराइड ग्रेगोरिओ वेबर यांनी १९५२ मध्ये प्रथिनांना लेबल लावण्यासाठी वापरले. ते प्राथमिक व द्वितीयक (ज्यांतील नायट्रोजनला अनुक्रमे एक व दोन कार्बन जोडलेले असतात) या दोन्ही प्रकारच्या अमाइनांशी संयोग पावते, आणि तयार होणारे सल्फोनामाइड इतके टिकाऊ असते की प्रथिनाचे आम्लाने जलअपघटन केले तरी ते बव्हंशी शाबूत राहते. प्रथिनाच्या साखळीच्या टोकाला कोणते अमिनो आम्ल आहे हे ओळखण्यासाठी पुढे त्याचा मोठा उपयोग झाला तो याच गुणामुळे. त्याचे दोष दोन. अभिक्रिया सावकाश होते, आणि उरलेल्या अभिकर्मकाचे पाण्याशी संयोग होऊन बनणारे डॅन्सिल आम्ल स्वतः चमकते, त्यामुळे क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे मोजमापाच्या आलेखात, एक मोठा अनाहूत पीक (उंचवटा) उभा राहतो. आणखी एक सूचना : हे अभिकर्मक अ‍ॅसिटोन किंवा अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवावे, कारण डीएमएसओ या द्रावकाशी अशा सल्फोनिल क्लोराइडांची अभिक्रिया होते.

ओपीए, म्हणजे ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, अमिनो आम्लांच्या विश्लेषणासाठी १९७१ मध्ये पुढे आले आणि फ्लुओरेस्कामिन १९७२ मध्ये. दोघांचा मोठा गुण हा, की ती स्वतः चमकत नाहीत. अमाइनशी जोडली गेल्यावरच चमकतात. त्यामुळे जादा अभिकर्मक काढून टाकण्याची गरज उरत नाही. ओपीएची अभिक्रिया थायॉल या गंधकयुक्त संयुगाच्या सान्निध्यात, अल्कधर्मी बोरेट बफरमध्ये, खोलीच्या तापमानाला एक-दोन मिनिटांत पूर्ण होते. सुमारे ३४० नॅनोमीटरला उद्दीपन आणि ४५० च्या आसपास उत्सर्जन मोजतात. परंतु तयार होणारे आयसोइंडोल हे चमकणारे उत्पादित अल्पायुषी असते. काही अमिनो आम्लांची उत्पादिते मिनिटामिनिटाला क्षीण होत जातात, म्हणून मिश्रण करणे आणि नमुना कॉलममध्ये सोडणे यांतील अंतर प्रत्येक वेळी तंतोतंत सारखे असावे लागते. हे काम हाताने करू नये. नमुने स्वयंचलितपणे मिसळून सोडणारे उपकरण उपलब्ध असेल तरच ओपीएचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. थायॉल म्हणून मर्कॅप्टोइथेनॉलऐवजी मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल वापरल्यास उत्पादिते अधिक टिकतात. प्रोलीनमध्ये द्वितीयक अमाइन असल्यामुळे ओपीएला ते दिसतच नाही. तर लायसीनला दोन अमाइन गट असल्यामुळे त्यावर दोन आयसोइंडोल बसतात, ती एकमेकांची चमक मंद करतात, आणि लायसीन प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचा भास होतो.

एफमॉक क्लोराइड ही प्रोलीनची उणीव भरून काढते. त्याची उत्पादिते टिकाऊ असतात; उद्दीपन सुमारे २६५ आणि उत्सर्जन सुमारे ३१० नॅनोमीटरला होते. मात्र येथे डॅन्सिलचाच दोष परत येतो. न वापरलेले एफमॉकही चमकते, म्हणून ते पेंटेनने धुऊन काढावे लागते किंवा अ‍ॅडामँटिल अमाइनसारखे अमाइन घालून त्याचा पीक क्रोमॅटोग्राममध्ये दूर ढकलावा लागतो. अनेक प्रयोगशाळा दोन्हींची सांगड घालतात : आधी ओपीए घालून प्राथमिक अमाइने बांधून टाकतात आणि मग एफमॉक घालून प्रोलीन व हायड्रॉक्सिप्रोलीन यांना लेबल लावतात. एक्यूसी दोन्ही प्रकारच्या अमाइनांशी काही सेकंदांत संयोग पावते, उत्पादिते अनेक दिवस टिकतात, आणि जादा अभिकर्मकापासून बनणाऱ्या अमिनोक्विनोलीनचे उत्सर्जन मोजमापाच्या ३९५ नॅनोमीटरपासून बरेच दूर असल्यामुळे त्याचा त्रास थोडा होतो.

आपला नमुना थोडा आणि सर्व अमिनो आम्ले हवी असतील, तर मी एक्यूसी किंवा ओपीए-एफमॉकची जोडी सुचवीन. फ्लुओरेस्कामिन एकूण अमाइन झटपट मोजण्यासाठी उत्तम आहे. एकेक अमिनो आम्ल वेगळे करून मोजण्यासाठी त्याची निवड करण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आम्ही माशांच्या अर्कातील हिस्टामाइन ओपीए वापरून मोजतो. शुद्ध हिस्टामाइनची मानक रेषा अगदी सरळ येते, तरीही अर्कात ज्ञात प्रमाणात हिस्टामाइन मिसळून पाहिले असता ते पूर्ण सापडत नाही. दोष कोठे असावा?

उत्तर : मानक रेषा सरळ येणे म्हणजे शुद्ध पाण्यात अभिक्रिया नीट होते एवढेच सिद्ध होणे. अर्कातही ती तशीच होते असे त्या रेषेवरून ठरत नाही. आपण अर्कात ज्ञात प्रमाण मिसळून पाहिले, हे फार चांगले केले; अनेक जण ही तपासणी करतच नाहीत आणि चुकीचा आकडा निर्धास्तपणे अहवालात लिहितात.

संभाव्य कारणे एकेक करून वगळावी लागतील. पहिले कारण अभिकर्मक अपुरे पडणे. माशाच्या अर्कात मुक्त अमिनो आम्ले, विशेषतः हिस्टिडीन, विपुल असतात आणि तीही ओपीए खातात. हिस्टामाइनची ओपीए पद्धत १९५९ पासून वापरात आहे आणि तिच्यात हिस्टामाइन आधी ब्यूटॅनॉलमध्ये काढून घेण्याचा किंवा आयन-विनिमय कॉलममधून वेगळे करण्याचा टप्पा असतो, तो याचसाठी. हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी गाळला असल्यास तो परत घालावा. अभिकर्मकाचे प्रमाण दुप्पट करून पाहावे. चमक वाढली, तर आधीचे प्रमाण अपुरे होते हे उघड आहे.

दुसरे कारण पीएच. येथील अभिक्रिया अमिनो आम्लांच्या अभिक्रियेहून वेगळी आहे. ती थायॉलशिवाय, तीव्र अल्कधर्मी माध्यमात, ठरावीक मिनिटे चालवतात आणि मग आम्ल घालून थांबवतात. अर्क ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाने काढला असेल आणि त्यातील आम्ल अल्कली पुरेशी घालून निष्प्रभ केले नसेल, तर मानक द्रावणात पीएच एक आणि नमुन्यात दुसरा, अशी स्थिती होते. मिश्रणाचा पीएच प्रत्यक्ष मोजावा, गृहीत धरू नये.

तिसरे कारण अर्कच प्रकाश गिळतो हे. गढूळ किंवा रंगीत द्रावण उद्दीपनाचा प्रकाश वाटेतच शोषते आणि क्युव्हेटच्या, म्हणजे नमुना ठेवण्याच्या पारदर्शक पात्राच्या, मध्यभागी तो कमी पोहोचतो. उद्दीपनाच्या तरंगलांबीला द्रावणाचे शोषण ०.३ असेल, तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटच्या मध्याशी सुमारे ७१ टक्केच प्रकाश उरतो; ०.०५ असेल, तर सुमारे ९४ टक्के. म्हणून शोषण ०.०५ च्या खाली राहील इतपत द्रावण विरल करण्याचा प्रघात आहे. याची कसोटी सोपी आहे. अभिक्रियेनंतरचे द्रावण निम्मे विरल करावे. ब्लँक, म्हणजे मोजायचा पदार्थ नसलेल्या द्रावणाची चमक, वजा केल्यावर चमक निम्मी झाली तर ठीक, निम्म्यापेक्षा जास्त राहिली तर आधीच्या द्रावणात प्रकाश अडत होता किंवा प्रतिदीप्ती शमत होती.

मानक द्रावणाची भर घालण्याची पद्धत, म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅडिशन, येथे कामाची आहे, परंतु तिच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. अर्कामुळे सर्वच चमक ठरावीक टक्क्यांनी घटत असेल, तर ती घट या पद्धतीने भरून निघते. अर्कातील दुसरे काही स्वतःच चमकत असेल, तर ती जादा चमक या पद्धतीने वजा होत नाही. तिच्यासाठी ओपीए न घातलेला अर्काचा ब्लँक आणि अर्क न घातलेला अभिकर्मकाचा ब्लँक असे दोन्ही वेगवेगळे चालवावे लागतात. अगदी कमी प्रमाण मोजताना पाण्याचे रामन प्रकीर्णनही, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी तरंगलांबी बदलून विखुरलेला प्रकाशही, फसवते. ३५० नॅनोमीटरला उद्दीपन केले, तर पाण्यामुळे सुमारे ३९७ नॅनोमीटरला एक ठळक पट्टा दिसतो आणि नवखा विश्लेषक त्याला पदार्थाची चमक समजतो. उद्दीपनाची तरंगलांबी थोडी बदलावी. हा पट्टा तिच्याबरोबर सरकतो, खरी प्रतिदीप्ती आपल्या जागी राहते.

अंतर्गत मानक, म्हणजे नमुन्यातच ज्ञात प्रमाणात घातलेला संदर्भ पदार्थ, वापरायचे झाल्यास ते लेबल लावण्याच्या आधी घालावे आणि त्याला तोच अभिक्रियाशील गट असावा. अमिनो आम्लांच्या विश्लेषणात प्राथमिक अमाइनांसाठी नॉरव्हॅलीन आणि द्वितीयक अमाइनांसाठी सार्कोसीन अशी दोन वेगळी अंतर्गत मानके घेतात, त्यामागे हाच विचार आहे. अभिक्रिया संपल्यावर घातलेले मानक फक्त नंतरच्या टप्प्यांतील घट दाखवते. अभिक्रिया अपुरी राहिली असेल, तर त्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

प्रश्न : प्रतिपिंडाला फ्लुओरेसीन आयसोथायोसायनेटचे लेबल लावले, पण चमक अगदी फिकी आली. प्रतिपिंड ट्रिस बफरमध्ये होते. बफरमुळे असे होते का? आणि एका प्रतिपिंडावर किती लेबले बसली हे कसे मोजावे?

उत्तर : होय, बफर हेच पहिले संशयित. ट्रिसच्या रेणूत प्राथमिक अमाइन असते आणि त्याची संख्या प्रतिपिंडावरील लायसीनांच्या कितीतरी पट असते, त्यामुळे लेबलचा मोठा वाटा बफरलाच लागतो. ग्लायसीन आणि अमोनियम क्षार यांनाही हेच लागू आहे. प्रतिपिंड टिकवण्यासाठी कुपीत अल्ब्युमिन घातलेले असेल, तर तेही चमकू लागते, आणि ही चूक अधिक घातक असते, कारण चमक भरपूर दिसते पण ती भलत्याच प्रथिनाची असते. डायलिसिसने किंवा जेल गाळणीने बफर बदलून कार्बोनेट किंवा बोरेट घ्यावे. अल्ब्युमिन मात्र डायलिसिसने जात नाही, म्हणून ते नसलेलेच प्रतिपिंड मागवावे. आयसोथायोसायनेटसाठी पीएच ९ च्या आसपास असावा, कारण लायसीनचा अमाइन गट प्रोटॉनविरहित असेल तेव्हाच अभिक्रिया करतो. सक्सिनिमिडिल एस्टर वर्गातील लेबल वापरत असाल, तर ८ ते ८.५ पुरे. तेथे पीएच वाढवला की पाण्याशी होणारी अभिक्रियाही वेगाने वाढते : ० अंश सेल्सिअस व पीएच ७ ला अशा एस्टरचे अर्धआयुष्य चार-पाच तासांचे असते, तर पीएच ८.६ आणि ४ अंशांना ते सुमारे १० मिनिटांवर येते.

लेबलांची संख्या शोषणावरून काढतात. मुक्त लेबल जेल गाळणीने पूर्णपणे वेगळे केल्यावर २८० आणि ४९४ नॅनोमीटरला शोषण घ्यावे. समजा ती १.२० आणि ०.८५ आली. फ्लुओरेसीनचा मोलर शोषण गुणांक ६८,००० धरल्यास लेबलची संहती ०.८५ भागिले ६८,०००, म्हणजे १२.५ मायक्रोमोलर. लेबल २८० लाही थोडे शोषण करते, सुमारे ०.३० पट, ते वजा केल्यावर प्रथिनाचे शोषण ०.९४५ उरते आणि प्रतिपिंडाचा गुणांक २,१०,००० धरल्यास त्याची संहती ४.५ मायक्रोमोलर येते. भागाकार २.८, म्हणजे सरासरीने एका प्रतिपिंडावर जवळजवळ तीन लेबले. साधारण तीन ते सहा लेबले समाधानकारक मानतात. त्याहून अधिक बसवण्याचा मोह टाळावा. दाटीने बसलेली फ्लुओरेसीनची लेबले एकमेकांची चमक शमवतात, आणि प्रतिजनाला पकडणाऱ्या जागेतील लायसीनांवर लेबल बसले, तर प्रतिपिंड आपले मूळ कामच विसरते. शिवाय फ्लुओरेसीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन गमावलेला असतो तो) सुमारे ६.४ असल्यामुळे मोजमापाचा बफर किंचित आम्ल असला तरी चमक झपाट्याने घटते. आपली फिकी चमक याही कारणाने असू शकेल, म्हणून पीएच ८ च्या वर पुन्हा मोजून पाहावे.

प्रतिपिंडांना असे लेबल लावण्याची सुरुवात अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये केली. त्यांनी प्रथम निळे चमकणारे अँथ्रासीनचे संयुग वापरले. ऊतींची स्वतःची चमकही निळसर असल्यामुळे ते हिरव्या फ्लुओरेसीनकडे वळले. नमुना ज्या रंगात आपोआप चमकतो त्या रंगाचे लेबल निवडू नये, हा धडा आजही तितकाच उपयोगी आहे.

प्रश्न : प्रथिनांवरील शर्करासाखळ्यांमध्ये अमाइन गट नसतो. मग त्यांना लेबल कसे लावतात?

उत्तर : पीएनजीएज एफ या विकराने साखळी प्रथिनापासून सोडवली, की तिच्या एका टोकाला अल्डिहाइडसारखे वागणारे, क्षपणकारी टोक उघडे होते. तेथे २-अमिनोबेंझामाइड जोडतात आणि तयार झालेला दुवा क्षपणाने पक्का करतात. मला ही रसायनरचना विशेष आवडते, कारण प्रत्येक साखळीला असे टोक एकच असते आणि म्हणून लेबलही एकच लागते. साखळी पाच शर्करांची असो की पंधरांची, चमक सारखीच, त्यामुळे क्रोमॅटोग्राममधील उंचवट्यांच्या क्षेत्रफळांवरून वेगवेगळ्या साखळ्यांचे सापेक्ष प्रमाण थेट काढता येते. प्रत्येकीचे शुद्ध मानक मिळवण्याची गरज राहत नाही. उद्दीपन सुमारे ३३० आणि उत्सर्जन सुमारे ४२० नॅनोमीटरला मोजतात. अभिक्रिया अ‍ॅसिटिक आम्लयुक्त डीएमएसओमध्ये ६५ अंशांना दोन-तीन तास चालवतात. त्याहून जास्त तापवल्यास साखळीच्या टोकावरची सियालिक आम्ले गळून पडण्याचा धोका असतो, म्हणून तापमान व वेळ यांत सैलपणा नको. क्षपणासाठी पूर्वापार वापरले जाणारे सोडियम सायनोबोरोहायड्राइड आम्लात हायड्रोजन सायनाइड सोडू शकते. त्याऐवजी पिकोलीन बोरेन वापरता येते आणि तेच वापरावे, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : आता मास स्पेक्ट्रोमीटर इतके संवेदनशील झाले आहेत. लेबलिंग कालबाह्य होत चालले आहे का?

उत्तर : काही क्षेत्रांत तसे झाले आहे आणि ते योग्यच आहे, कीटकनाशकांचे शेकडो अंश एकाच वेळी शोधायचे तर लेबलिंगचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पण मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये प्रत्येक रेणूचे आयनीभवन वेगवेगळ्या प्रमाणात होते आणि नमुन्यातील क्षारांमुळे ते दडपलेही जाते. लेबलची चमक या बाबतीत अधिक समदर्शी असते. केशिका विद्युतविभाजन (कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस) आणि लेसर प्रतिदीप्ती यांच्या जोडीने १९८८ मध्येच लेबल लावलेली अमिनो आम्ले अ‍ॅटोमोलच्याही (१०⁻¹⁸ मोल) खाली मोजली गेली होती. डीएनएच्या क्रमनिर्धारणात किरणोत्सारी खुणांच्या जागी चार रंगांची प्रतिदीप्त लेबले १९८६ मध्ये लेरॉय हूड यांच्या गटाने आणली. मानवी जनुकसंचाचा आराखडा वाचणारी यंत्रे त्याच मार्गावर उभी राहिली. आता दोन्ही तंत्रांना एकाच वेळी उपयोगी पडणारी लेबलेही वापरतात. प्रोकेनामाइड हे त्याचे चांगले उदाहरण आहे : ते चमकतेही आणि शर्करासाखळीचे आयनीभवनही वाढवते.

प्रश्न : ही अभिकर्मके साठवताना आणि हाताळताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : अमाइनशी जोडले जाणारे अभिकर्मक त्वचेतील आणि श्वासमार्गातील प्रथिनांशीही जोडले जाते, म्हणून हातमोजे वापरावेत आणि पूड धूरकक्षातच तोलावी. डॅन्सिल क्लोराइड व एफमॉक क्लोराइड यांपासून ओलाव्यात हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. बाटली फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा आत दव धरते आणि अभिकर्मकाचा काही भाग पाण्यातच खर्ची पडतो. द्रावणे कोरड्या द्रावकात, लागतील तेवढीच आणि ताजी करावीत, लेबल लावलेले नमुने गडद रंगाच्या कुप्यांत ठेवावेत. बाटली बदलली की मानक रेषा नव्याने काढावी, जुनी रेषा पुढे चालवू नये.